त्याग एकाचा, किंमत कोणाची?



गेल्या महिन्यात आपल्या युवक संघाने शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून ‘द लास्ट स्टेशन’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला. थोर रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांच्या आयुष्यातील अखेरच्या वर्षाची ही कथा आहे. जे परिनी या अमेरिकन लेखकाने १९९० साली याच नावाची कादंबरी लिहिली. तिच्यावरून मायकल हॉफमन यांनी २००९ साली हा चित्रपट काढला. ख्रिस्तोफर प्लमर टॉलस्टॉय झाले आहेत आणि हेलन मिरेन त्यांची पत्नी सोफिया. दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले होते, आणि ते मिळावे असेच त्यांचे काम आहे. तरुण सेक्रेटरीच्या प्रेमप्रकरणात पडद्यावरचा बराच वेळ जातो, तो नसता तरी चालले असते. पण नवरा-बायको समोरासमोर आले की हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हते.

चित्रपट संपल्यावर चर्चा ठेवली होती. एक मुलगा उठून म्हणाला, “फादर, हा माणूस ढोंगी होता. जगाला प्रेम शिकवलं आणि स्वतःच्या बायकोपासून पळून गेला.” लगेच एक मुलगी म्हणाली, “त्या बाईने त्याला सुखाने जगू तरी दिलं का? रात्रंदिवस त्याचे कागद चाळत होती.” पाहता पाहता हॉलमध्ये दोन पार्ट्या पडल्या. मी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. अखेर नातवाला घरी न्यायला आलेल्या आणि मागच्या बाकावर बसून राहिलेल्या एका आजीने हात वर केला. त्यांना इंग्रजी येत नाही, कथा नातवाने कानात सांगितली होती. त्यांनी विचारले, “फादर, तो म्हातारा सगळं वाटून टाकायचं म्हणत होता ना? मग एवढी वर्षं घरात सगळ्यांच्या जेवणाचं कोण बघत होतं?”

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण हॉलला कुलूप लावून निघालो तेव्हा तो प्रश्न माझ्यासोबत चालत आला, आणि महिना झाला तरी गेलेला नाही. म्हणून आजचे हे पान त्यालाच देतो.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी खरी हकिगत सांगतो. टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ सालचा. घराणे जमीनदारांचे, मॉस्कोच्या दक्षिणेस यास्नाया पोल्याना येथे त्यांचा मोठा वाडा आणि शेतीवाडी होती. १८६२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी मॉस्कोच्या एका डॉक्टरच्या अठरा वर्षांच्या मुलीशी, म्हणजे सोफियाशी लग्न केले. लग्नाआधी त्यांनी आपल्या जुन्या डायऱ्या तिला वाचायला दिल्या. तारुण्यातले सारे काही त्यांत होते. आपल्याच गावातील एका शेतकरी स्त्रीशी असलेले संबंधही त्यांत होते. लपवून ठेवायचे नाही, हा त्यांचा हेतू. ती मुलगी रात्रभर रडली असेल तर नवल नाही. तिच्या डायऱ्या वाचल्यावर दिसते की ती जखम पन्नास वर्षांनंतरही ओली होती. प्रामाणिकपणा हा सद्गुण खराच, पण येथे त्याने एकाच्या मनावरचे ओझे उतरले आणि ते दुसरीच्या डोक्यावर चढले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा पुन्हा हेच घडते.

दोघांना तेरा मुले झाली, त्यांतील पाच लहानपणीच गेली. सोफियाने बाळंतपणे सांभाळून ‘वॉर अँड पीस’चे हस्तलिखित पुन्हा पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. टॉलस्टॉय यांचे अक्षर लागणे कठीण, आणि ते खोडून, बदलून पुन्हा लिहीत. नवऱ्याच्या पुस्तकांच्या आवृत्त्या तिने स्वतः छापून घेतल्या, जमाखर्च पाहिला. ‘क्रॉयट्झर सोनाटा’ या पुस्तकात विवाहजीवनावर इतके कडवट लिहिले होते की वाचणाऱ्यांनी तो रोख तिच्यावरच धरला. सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. तेव्हा तेच पुस्तक आपल्या आवृत्तीत छापू द्यावे म्हणून १८९१ साली ती स्वतः झारला जाऊन भेटली आणि परवानगी घेऊन आली. मनात काय वाटले असेल? उत्तरादाखल तिने एक कथा लिहिली, तिचे नाव ‘कोणाचा दोष?’ ती छापून यायला १९९४ साल उजाडले.

पन्नाशीच्या सुमारास टॉलस्टॉय यांच्या मनात फार मोठे वादळ उठले. मरण डोळ्यांपुढे दिसू लागले आणि आजवरचे यश फुकट वाटू लागले. त्यांनी शुभवर्तमान हाती घेतले आणि डोंगरावरील प्रवचन शब्दशः पाळायचे ठरवले. मांस, दारू, तंबाखू सोडली. नांगर धरला, बूट शिवायला शिकले. त्यांच्या शिकवणुकीबद्दल ऑर्थोडॉक्स चर्चने १९०१ साली त्यांना बहिष्कृत केले, तो मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. १८९१ साली त्यांनी जाहीर केले की १८८१ नंतरच्या आपल्या लिखाणावर आपला हक्क नाही, कोणीही छापावे. जमीनजुमला बायको-मुलांच्या नावे करून ते मोकळे झाले.

मोकळे झाले, पण त्याच वाड्यात राहिले. त्याच टेबलावर जेवत राहिले, जेवण वाढणारे नोकर त्याच वाड्यात होते, आणि त्यांचे पगार देण्याची काळजी सोफियाची होती. आजींचा प्रश्न नेमका येथे बोट ठेवतो. त्यांची सर्व मुले काही साधुसंत नव्हती. कोणाचे शिक्षण, कोणाचे लग्न, कोणाची देणी. नवऱ्याने मालमत्तेला पाप म्हटले, तेव्हापासून ते पाप सांभाळण्याचे काम बायकोकडे आले, आणि ते सांभाळते म्हणून लोभी हे नावही तिलाच मिळाले.

टॉलस्टॉय यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की त्यांचा कळवळा खोटा नव्हता. १८९१-९२ च्या दुष्काळात त्यांनी गावोगावी अन्नछत्रे उघडली आणि हजारो माणसे त्यावर जगली. त्या वेळी सोफियाने वर्तमानपत्रात मदतीचे आवाहन लिहिले आणि देशभरातून पैसा आला. म्हणजे दोघे एका नांगराला जुंपलेही गेले होते. चित्रपटात हा भाग नाही. अखेरचे वर्षच दाखवायचे असल्यावर कसा असणार? पण भांडणाच्या शेवटच्या वर्षावरून अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराचा निवाडा करायला बसलो की चूक होते. तुमच्या-माझ्या घरांचाही असा निवाडा कोणी करू नये.

१९१० साली सगळेच विकोपाला गेले. टॉलस्टॉय यांचे शिष्य चेर्तकॉव्ह यांच्या आग्रहावरून त्यांनी जंगलात जाऊन, पत्नीला न कळू देता, मृत्युपत्रावर सही केली. सगळ्या लिखाणाचे हक्क कुटुंबाकडून काढून धाकट्या मुलीच्या नावे करायचे आणि तिच्याद्वारे जगाला खुले करायचे, असा बेत होता. चित्रपटात चेर्तकॉव्ह मिशीला पीळ देणारे खलनायक झाले आहेत. वास्तविक हा माणूस लष्करातील मोठी नोकरी सोडून आलेला, गरिबांसाठी स्वस्त पुस्तके छापणारा. वाईट माणसांपासून सावध राहता येते. आपल्या बाजूने देव आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याच्यापासून सावध राहणे अवघड, आणि हे मी धर्मगुरू असून लिहीत आहे. सोफियाला संशय आला. ती दाराआड ऐकू लागली, कागद शोधू लागली. टॉलस्टॉय फक्त स्वतःसाठी म्हणून एक गुप्त डायरी लिहीत आणि ती बुटात लपवत, तीही तिच्या हाती लागली. जगभरचे लोक ज्यांच्याकडे सत्य विचारायला येत, त्यांच्या घरात बूट तपासले जात होते.

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २८ ऑक्टोबरची ती रात्र. बायको आपल्या खोलीत कागद चाळते आहे हे टॉलस्टॉय यांना ऐकू आले आणि ते उठले. चिठ्ठी लिहिली, डॉक्टरला सोबत घेतले आणि पहाटेच्या अंधारात, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी घर सोडले. सकाळी हे कळल्यावर सोफियाने तळ्यात उडी घेतली, लोकांनी तिला बाहेर काढले. टॉलस्टॉय आधी एका मठात गेले, मग धर्मभगिनी असलेल्या आपल्या बहिणीकडे. तेथूनही पुढे निघाले. आगगाडीत न्यूमोनिया झाला आणि अस्तापोव्हो नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरावे लागले. स्टेशनमास्तरने आपले घर दिले. तेथे ७ नोव्हेंबरला, आपल्या पंचांगाप्रमाणे २० नोव्हेंबर १९१० रोजी, त्यांचा मृत्यू झाला. सोफिया खास गाडी करून आली होती, पण शुद्ध हरपेपर्यंत तिला आत जाऊ दिले नाही.

त्या स्टेशनवर वार्ताहरांची गर्दी जमली होती आणि पाथे कंपनीचा सिनेमाचा कॅमेराही होता. डोक्याला शाल गुंडाळलेली एक म्हातारी बाई घराच्या खिडकीपाशी उभी राहून आत डोकावते आहे, असे त्या वेळचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. ती सोफिया. आत तिचा नवरा मरत आहे आणि बाहेर जगाचा कॅमेरा तिला टिपत आहे.

त्यामुळे माझ्या मनात प्रथम आला तो वेगळाच प्रश्न. हे सगळे पाहायचा आपल्याला अधिकार तरी काय? आठव्या आज्ञेत खोटी साक्ष तेवढीच येते असे नाही. दुसऱ्याचा दोष खरा असला तरी सबळ कारणाशिवाय तो चारचौघांत उघडा करणे ही परनिंदा, असे ख्रिस्तसभा शिकवते. मेलेल्या माणसालाही अब्रू असते. येथे एवढेच म्हणता येईल की या दोघांनी स्वतःच सारे लिहून ठेवले, आणि आपल्यामागून लोक ते वाचणार हे दोघांनाही ठाऊक होते. जणू दोघांनी आपापली कैफियत पुढच्या पिढ्यांकडे पाठवली. तेव्हा वाचायला हरकत नाही. पण न्यायाधीश म्हणून वाचायचे की आणखी कोणी म्हणून, हे आपल्या हाती आहे. हॉलमध्ये आपण सगळे न्यायाधीश झालो होतो. आजी तेवढ्या झाल्या नाहीत, त्यांनी फक्त जेवणाचे विचारले.

आता त्या प्रश्नाकडे येतो. जे फक्त माझे नाही ते मी देवाला किंवा गरिबांना देऊन टाकू शकतो का?

मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय घरी उघडून पाहा. प्रभू येशू तेथे परूश्यांना एका रूढीबद्दल खडसावतो. एखाद्याने म्हणायचे, माझ्यापासून आईबापांना जे मिळायचे ते मी कुर्बान केले आहे, म्हणजे देवाला वाहिले आहे. झाले, मग आईबापांसाठी काही करायची त्याला गरज नाही, त्याला धर्माची पावती मिळाली. येशूला याचा राग येतो. देवाचे नाव घेऊन माणसाचे देणे बुडवणे त्याला चालत नाही. पण त्याच मार्कचा दहावा अध्याय उघडा. तेथे तोच येशू आपल्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आईबाप, शेतीवाडी सोडणाऱ्यांना शतपट आशीर्वाद देतो. मध्ये फक्त दोन अध्याय आहेत! टॉलस्टॉय यांनी दहावा अध्याय वाचला, आणि सोफिया, तिला कोणी विचारले असते तर, सातव्यावर बोट ठेवून उभी राहिली असती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. प्रीतीलासुद्धा क्रम असतो, असे ते म्हणतात. सर्वांवर प्रीती करायची, पण जो जवळचा आहे त्याचे देणे आधी. दानाबद्दल तर ते आणखी स्पष्ट आहेत. स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या गरजेचे काढून दान करणे सामान्यतः योग्य नाही. मग ते काही अपवाद सांगतात. एक म्हणजे समोरचा मरणाच्या दारात असणे किंवा साऱ्या समाजावर मोठे संकट येणे. आणखी एक अपवाद म्हणजे माणसाने आयुष्याची वाटच बदलून संन्यस्त जीवन स्वीकारणे. परीक्षेत मी हे सगळे लिहिले, गुणही चांगले मिळाले. तो शेवटचा अपवाद आपल्यासारख्यांसाठीच आहे हे वाचून बरे वाटले होते, एवढे आठवते.

आपल्या देशातही हा प्रश्न विचारला गेला आहे. टॉलस्टॉय यांना गुरुस्थानी मानणारे महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत होते. १९१० साली जोहान्सबर्गजवळ काढलेल्या वसाहतीला त्यांनी टॉलस्टॉय फार्म हेच नाव दिले. त्याआधी १९०१ साली ते भारतात परत निघाले तेव्हा लोकांनी सोन्याच्या भेटी दिल्या, त्यांत कस्तुरबांसाठी एक हार होता. सेवेचा मोबदला घ्यायचा नाही म्हणून गांधीजींनी सगळे परत करायचे ठरवले. कस्तुरबा रडल्या, भांडल्या. हार मला मिळाला आहे, आणि तुमच्या सेवेत माझी सेवा नाही का, असा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींनी हे आपल्या आत्मकथेत लपवले नाही. हार परत गेलाच. त्या दागिन्यांचा पुढे लोकांच्या कामासाठी विश्वस्त निधी झाला हे खरे, आणि कस्तुरबांचा प्रश्न बरोबर होता हेही खरे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांची समाधी आहे. तेथे गेलात तर त्या हाराची आठवण ठेवा.

येथवर लिहून थांबता आले असते. पण आजींच्या प्रश्नाने मला झोप का लागू दिली नाही ते सांगायचे राहिले.

मी सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला असताना आमचे वडील गेले. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. मी घरी परतावे असे आई एकदाही म्हणाली नाही. भावाने कॉलेज सोडले आणि वाडी हाती घेतली, केळी, पानवेल, दोन म्हशी. माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी माझ्या त्यागाची भाषणे केली. हार घातले, फोटो निघाले. त्या फोटोंत भाऊ नाही. तो मंडपामागे पंगतीचे पाहत होता.

पुढे आई अंथरुणाला खिळली, ती चार वर्षे. तिला उठवणे, धुणे, भरवणे, सारे भाऊ आणि त्याची बायको करीत. मी महिन्यातून एकदा जाई, ख्रिस्तशरीर देई, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करी. आईचे डोळे भरून येत आणि भावजय चहा आणी. एकदा त्याचा फोन आला, दोन दिवस ये, आम्हा दोघांनाही ताप आहे. मी म्हणालो, इकडे सणाची नोव्हेना चालू आहे, कसे जमणार? तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं, फादर.”

जन्मभर मला अरे-तुरे करणारा माझा भाऊ तेव्हा मला पहिल्यांदा फादर म्हणाला.

मी गेलो नाही. नोव्हेनाचे प्रवचन चांगले झाले, लोकांनी तसे सांगितलेही. विषय प्रीती हाच होता. आई त्यानंतर पाच महिन्यांनी गेली. मी माझा मार्ग निवडला याचा मला आजही पश्चात्ताप नाही, आणि टॉलस्टॉय यांनी लोभ सोडायला नको होता असेही मी म्हणणार नाही. गरिबांना जमीन मिळाली पाहिजे हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. त्यांच्या मुलीने पुढे पुस्तकांच्या पैशातून घरच्यांकडून जमीन विकत घेतली आणि ती गावच्या शेतकऱ्यांना दिली. म्हणजे सोफियाच्या घरच्यांना मोबदला मिळाला आणि शेतकऱ्यांना जमीन. हा मार्ग दोघांनी समोरासमोर बसून शोधला असता तर? पण तसे बसायचे म्हणजे टॉलस्टॉय यांना आधी कबूल करावे लागले असते की आपण जो भार टाकला तो नाहीसा झालेला नाही, बायकोच्या खांद्यावर गेला आहे. हे कबूल करणे जमीन वाटण्यापेक्षा कठीण आहे. मला ते जमायला बरीच वर्षे लागली, आणि त्यासाठी एका आजीने हॉलमध्ये हात वर करावा लागला.

त्या रात्री मी भावाला फोन केला. एवढ्या वर्षांनी काय बोलायचे ते सुचेना, तेव्हा चित्रपटाचीच गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली. खिडकीतून डोकावणाऱ्या बाईचे सांगितले तेव्हा म्हणाला, “आत घ्यायला काय झालं होतं त्यांना?”

ज्येष्ठ मंडळींच्या मागणीवरून हा चित्रपट येत्या रविवारी सायंकाळी ६.३० वाजता त्याच हॉलमध्ये पुन्हा दाखवणार आहोत. मध्ये मध्ये थांबवून मी मराठीत सांगत जाईन. चर्चा मागच्या बाकापासून सुरू करू. भावाला आणि भावजयीलाही बोलावले आहे. वाडीला पाणी लावून झाले तर येतो, म्हणाला.

— आपला, फादर